पेंढ्याचं लक्ष्य

“म्हणजे बाण आजही नाही?”

उदेगीर बुवांनी नुसती मान हलवली आणि पेंढ्याची एक मूठ हैबतच्या पुढ्यात सारली.

हैबत पोरवयातच फौजेत गेलेला. उडता पारवा पाडणारा, आणि ते चारचौघांत सांगणाराही. मग एक दिवस गावाहून निरोप आला. बांधावरून भांडण झालं, शेजारच्या सुभानजीनं कोयता चालवला, आणि हैबतचा थोरला भाऊ गेला. पंचांनी दंड करून सुभानजीला सोडून दिलं.

त्या दिवसापासून हैबतचा हात कापायला लागला. नेम धरला की बाणाचं टोक हलायचं.

घरी न जाता तो तडक तळ्याकाठच्या या मठीत आला. बुवा एके काळचे नामांकित तिरंदाज. हात स्थिर करून द्या, एवढंच त्याचं मागणं होतं. कशासाठी, तेही त्यानं लपवलं नाही.

बुवांनी त्याचे बाण मागून घेतले, आडोशाला ठेवले आणि म्हणाले, आधी लक्ष्य बनव.

हैबतला ते काम हलकं वाटलं. त्यानं पेंढ्याचा भारा दोरीनं आवळला आणि पुढं ठेवला. बुवांनी त्यात बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं. त्यांनी दोरी सोडली आणि पेंढा परत त्याच्या मांडीवर टाकला.

मग तो शिकला. पेंढा ओलवायचा, पिळून त्याचा दोरासारखा वेठ वळायचा. वेठ चुंबळीसारखा गोल गोल गुंडाळत न्यायचा आणि फेऱ्याला फेरा अंबाडीच्या सुतळीनं शिवायचा. वरून माती आणि मठीतल्या गाईच्या शेणाचा हात द्यायचा, मधोमध गेरूचा ठिपका. पेंढा खळ्यावरचा, अंबाडी तळ्यात भिजवलेली. विकत असं काहीच आणावं लागलं नाही.

सकाळी तळ्यावर धुकं उतरायचं. काठानं उभी केलेली ती लक्ष्यं धुक्यात वर आल्यासारखी वाटायची, एकामागं एक चंद्र उगवावेत तशी. हैबत वेठ वळत बसायचा. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, कळायचं नाही. आपण इथं कधी आलो, तेही कधीकधी आठवायचं नाही...

एका सकाळी बुवा म्हणाले, “आता माणूस कर.”

“कोणता?”

“ज्याच्यासाठी आलास तो.”

हैबतनं पेंढा हातात घेतला आणि थांबला. सुभानजी त्यानं लहानपणी पाहिलेला. आता कसा दिसत असेल?

“बघून ये,” बुवा म्हणाले.

तो गेला. कमरेला सुरी होती. शिवारावर तेच धुकं होतं आणि ज्वारी हुरड्यात आली होती. भावाच्या शेताच्या बांधाला लागून एक वाकलेला माणूस बुजगावणं उभं करत होता. बुजगावणं परत परत त्याच्याच अंगावर कलत होतं.

चेहऱ्यावरचा जन्मखुणेचा डाग हैबतनं ओळखला. सुभानजीनं मात्र त्याला ओळखलं नाही.

“पाहुणं, जरा धरता का?” तो म्हणाला. “एकट्याच्यानं होईना.”

हैबतनं धरलं. का धरलं, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही.

सुभानजी खाली बसून खड्ड्यात दगड ठोकू लागला. हैबतनं सहज विचारावं तसं विचारलं, की इथं कडेला कशाला, पाखरं तर मधल्या पिकावर बसतात.

सुभानजी बराच वेळ दगडच ठोकत राहिला.

“पाखरांसाठी नाही,” तो म्हणाला. “ह्या बांधावर एक जण उभा असायचा. माझ्या हातून गेला. आता ह्या रिकाम्या जागेकडं बघवत नाही... आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.”

हैबतच्या हाताखाली पेंढा सैल लागत होता. बुजगावण्याची छाती पोकळ होती. दोन दिवसांत खाली बसेल, त्याच्या बोटांना कळलं.

त्यानं पेंढा उपसला. दवानं भिजलेल्या गवतावर ओलवला, पिळला, वेठ वळला आणि छाती नव्यानं भरली. सुभानजी बघत राहिला.

संध्याकाळी मठीत येऊन हैबतनं पेंढ्याचा माणूस बांधला. वाकलेला, एक खांदा उतरलेला, जसा पाहिला तसा. बुवांनी आपली जुनी घोंगडी दिली, ती त्याच्या अंगावर घातली.

उजाडताना बुवांनी त्याच्या हातात बाण ठेवला.

हैबतनं प्रत्यंचा कानापर्यंत ओढली. हात कापत नव्हता. बाणाचं टोक पाण्यातल्या दगडासारखं स्थिर होतं. समोर धुक्यात तो वाकून उभा होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा...

तळ्यावरून वारा येऊन गेला. प्रत्यंचा हळूहळू सैल झाली.

हैबत खाली बसला. धनुष्य मांडीवर ठेवून म्हणाला, “बुवा, भावाला काय सांगू?”

बुवा चालत पुतळ्याकडं गेले. घोंगडी काढून आणली आणि हैबतच्या खांद्यांवर टाकली. मग पुतळ्याची गाठ सोडली. पेंढा भसकन खाली आला.

“दवानं भिजायच्या आत उचल,” ते म्हणाले. “गाय उपाशी आहे.”