आवडाच्या गळ्यातले पिरोजे

कुणी म्हणजे कुणी येसूचं खरं मानलं नाही. मानलं असतं तर एक पोर जगली असती.

आडबंदराला गलबतं लागायची तेव्हाची ही गोष्ट. गलबतांवरून तांबडी पोवळी यायची, निळे पिरोजे यायचे, आणि येसू पटवेकरीण ते रेशमात ओवायची. दर श्रावणात ती प्रत्येकीची माळ मागून घ्यायची, नव्या रेशमात गाठवून परत द्यायची. असं म्हणतात, माळ हातात आली की तिला त्या बाईचं दुखणं कळायचं.

एका श्रावणात खोतांच्या सुनेची, आवडाची, माळ आली. पिरोजे शेवाळासारखे हिरवे आणि पोवळी हाडासारखी पांढरी! येसू तशीच खोतांच्या ओटीवर गेली.

"पोरीच्या पोटात विष जातंय. आजच्या आज माहेरी धाडा तिला."

आवडाचा नवरा हसला. बायकोला रोज आपल्या हातानं दूध देतो म्हणून गाव त्याचं कौतुक करायचं. "रंगवलेले खडे दिलेस, येसूबाई, आणि रंग गेला तर माझ्या बायकोवर ढकलतेस होय?"

"मग फोडून बघ की! खोट्याच्या पोटात पांढरं असतं, खऱ्याच्या पोटात निळं."

पण सवाष्णीच्या गळ्यातला खडा फोडायचा म्हणजे अपशकुन. कुणी धजलं नाही. लबाड म्हणून येसूलाच वेशीबाहेर काढलं.

अकराव्या दिवशी आवडा गेली. आता अपशकुन लागायला राहिलं कोण? खोतांनी पिरोजे पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडले. एकूण एक खडा आतून निळाशार.

खोत पागोटं काढून येसूला आणायला गेले. "आता ऐकता होय? मेल्यावर?" एवढंच ती बोलली. खोतांच्या घरी येऊन तिनं आपल्याकडचं एक तांबडं पोवळं घरातल्या एकेकाच्या तळहातावर ठेवलं. खोतांच्या हातावर ते तांबडंच राहिलं, खोतीणबाईंच्या हातावरही. असं म्हणतात, एका तळहातावर मात्र ते बघता बघता पांढरं पडलं, आणि तो हात पुन्हा कधी मिटला नाही.

येसूनं परत सुई धरली नाही.

अजूनही आडबंदरात नवी सून आली की "येसूबाई बघतेय" म्हणत तिची माळ आधी सासरच्या सगळ्यांच्या हातांवरून फिरवतात. नवऱ्याच्या हातावर जरा जास्त वेळ ठेवतात. आवडाच्या नवऱ्याचं नाव गावात कुणी पोराला ठेवत नाही. म्हाताऱ्यांना विचारा, आधी थुंकतील, मग सांगतील: विसाजी.