मुटकूची कानटोपी

एक होतं घर.
घरात होती खोली.
खोलीत होती खुर्ची.
खुर्चीवर कुणी बसायचंच नाही. बसणार कुठे? खुर्चीवर होता ढीग.

कसला ढीग? कपड्यांचा ढीग. बाबांचा एकदाच घातलेला शर्ट. बाबांची दोनदाच घातलेली पँट. एक पंचा. एक मोजा. दुसरा मोजा कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. आणि सगळ्यात वर बाबांची कानटोपी. निळी निळी, लोकरीची. टोपीच्या शेंड्यावर लाल लाल गोंडा.

आई म्हणायची, "मळका ढीग."
बाबा म्हणायचे, "कुठे मळका? चांगला तर आहे."
मुटकू म्हणायचा, "मऊ."

मुटकू कोण? मुटकू म्हणजे उंदराचं पिल्लू. इवलंसं, अक्रोडाएवढं. अंगाचं मुटकुळं करून झोपायचा, म्हणून नाव मुटकू.

रात्री टोपी बाबांच्या डोक्यावर. दिवसा टोपी खुर्चीवर. मग मुटकू हळूच टोपीत शिरायचा. टोपीचं अंथरूण, गोंड्याची उशी. टोपीला बाबांच्या तेलाचा वास. वासात ऊब. उबेत झोप.

पण मुटकू भारी भित्रा. खुट्ट झालं की दचकायचा. दचकला की उडायचा.
टुण्ण.

एके दिवशी सकाळी आई आली. आईने ओढणी खोचली.
"आज सगळा ढीग धुणार."
बाबा म्हणाले, "टोपी नको गं. धुतली की ऊब जाते."
आई म्हणाली, "ऊब नाही जात. वास जातो."
आणि आईने ढीग उचलला. घप्प.

मुटकू दचकला. घाबरून त्याने गोंडा दातात घट्ट धरला. आणि उडाला.
टुण्ण.
गोंडा तुटला. टुप.
मुटकू कपाटामागच्या बिळात. गोंडा मुटकूच्या तोंडात.

बाहेर पाणी वाजलं. खळ खळ खळ.
ब्रश वाजला. खस खस खस.
मग बाबांचा आवाज आला. मग आईचा आवाज आला. मग बाबांचा, मग आईचा. मग कुणीतरी रडलं. भ्यां.
मग सगळं गप्प.

मुटकूने गोंडा डोक्याखाली घेतला. पण पोटाखाली काय? पोटाखाली फरशी. फरशी गार. पोट गार. शेपटी तर गारेगार. मुटकू या कुशीवर वळला. त्या कुशीवर वळला. उशी आहे, अंथरूण नाही. झोप येईना.

मग मुटकू निघाला टोपीला शोधायला.
तुरु तुरु तुरु.

गॅलरीत दोरी. दोरीवर टोपी. टप टप टप.
एक थेंब पडला मुटकूच्या नाकावर. मुटकू दचकला. टुण्ण.
"टोपी टोपी, चल ना.
तुझ्यावाचून झोप येईना."
टोपी म्हणाली, "कशी येऊ? मी ओली. ऊन आलं तर वाळेन. वाळले तर येईन."

तुरु तुरु तुरु. मुटकू गेला उन्हाकडे.
ऊन बसलं होतं कठड्यावर. तिथे गेला, तर समोर हा मोठ्ठा उंदीर. मुटकू दचकला. टुण्ण. मोठ्ठा उंदीरही दचकला. टुण्ण. ती होती मुटकूची सावली.
"उन्हा उन्हा, ये ना.
ऊन येईना, टोपी वाळेना.
टोपी वाळेना, मला झोप येईना."
ऊन म्हणालं, "कसं येऊ? वाटेत चादर. चादर सरकली तर येईन."

तुरु तुरु तुरु. मुटकू गेला चादरीकडे.
चादर हलली. फड फड फड. मुटकू दचकला. टुण्ण.
"चादरबाई, सरक ना.
चादर सरकेना, ऊन येईना.
ऊन येईना, टोपी वाळेना.
टोपी वाळेना, मला झोप येईना."
चादर म्हणाली, "कशी सरकू? बाबांनी मला टाकलंय बोळा करून. एक टोक इथे, तीन टोकं तिथे. ज्यांनी टाकलं, त्यांनी सरकवावं. बाबा उठले तर सरकेन."

तुरु तुरु तुरु. मुटकू गेला बाबांकडे.
बाबा बसले होते पेपरमागे. पेपर वाजला. सळ सळ सळ. मुटकू दचकला. टुण्ण.
"बाबा बाबा, उठा ना.
बाबा उठेनात, चादर सरकेना.
चादर सरकेना, ऊन येईना.
ऊन येईना, टोपी वाळेना.
टोपी वाळेना, मला झोप येईना."
बाबा म्हणाले, "कसा उठू? आई माझ्याशी बोलत नाही. आई बोलली तर उठेन."
पेपर खाली आला. बाबांचा एक डोळा दिसला.
"आणि तिकडे चाललाच आहेस, तर तिला सांग. टोपी मळकी नव्हती."
"सांगतो," मुटकू म्हणाला.

तुरु तुरु तुरु. मुटकू गेला आईकडे.
आई मोरीत शर्टाची कॉलर घासत होती. खस खस खस. मुटकू दचकला. टुण्ण.
आई म्हणाली, "थांब तिथेच. पाय पुसलेस का?"
मुटकूने पायपुसण्यावर पाय पुसले.
"चारही?"
मुटकूने उरलेले दोन पुसले.
"आई आई, बोल ना.
आई बोलेना, बाबा उठेनात.
बाबा उठेनात, चादर सरकेना.
चादर सरकेना, ऊन येईना.
ऊन येईना, टोपी वाळेना.
टोपी वाळेना, मला झोप येईना.
आणि बाबा म्हणतात, टोपी मळकी नव्हती."
"मळकी नव्हती?" आई म्हणाली. "बादलीत बघ जा. पाण्याचा चहा झालाय."
मुटकूने बादलीत पाहिलं. खरंच चहा झाला होता.
आई म्हणाली, "मी कशी बोलू? आमची इरू सकाळपासून रडतेय. लेकरू रडत असताना कुणाशी बोलावंसं वाटतं का? इरू हसली तर बोलेन."

तुरु तुरु तुरु. मुटकू गेला इरूकडे.
इरू बसली होती दारामागे. इरू एवढीशी. नाक लाल. गाल ओले. इरू रडली, भ्यां. मुटकू दचकला. टुण्ण.
"इरूताई, हस ना.
इरू हसेना, आई बोलेना.
आई बोलेना, बाबा उठेनात.
बाबा उठेनात, चादर सरकेना.
चादर सरकेना, ऊन येईना.
ऊन येईना, टोपी वाळेना.
टोपी वाळेना, मला झोप येईना."
इरू म्हणाली, "कशी हसू? गोंडा गेला."
"कुठला गोंडा?" मुटकूने विचारलं. अगदी हळू विचारलं.
"टोपीचा. लाल. बाबा टोपी घालतात. मला मांडीवर घेतात. मी गोंडा धरते. मग मला गाई येते. बाबा म्हणतात, आईने घासला म्हणून तुटला. आई म्हणते, बाबा धुऊ देत नाहीत म्हणून कुजला. आणि गोंडा नाहीच. गोंडा मिळाला तर हसेन."

मुटकूचे कान गरम झाले. गोंडा कुठे आहे, ते एकट्या मुटकूलाच ठाऊक होतं.
अंथरूण तर गेलं. आता उशीही द्यायची? मग डोकं कुठे ठेवायचं?
त्याने इरूकडे पाहिलं. इरूच्या गालावरून एक थेंब घसरला. टप.
"इरूताई, तुलापण झोप येईना?"
"येईना."
"मलापण येईना."
इरूने बाहीने नाक पुसलं.

मग मुटकू उठला.
तुरु तुरु तुरु. गेला बिळात.
गोंडा मुटकूएवढाच मोठा. मुटकूने तो पुढच्या पायांनी ढकलला. डोक्याने ढकलला. गोंडा घरंगळला. मुटकू मागून धावला. गडगड, तुरु तुरु. गडगड, तुरु तुरु.
गोंडा थांबला इरूच्या पायाशी.
"माझ्याकडून तुटला," मुटकू म्हणाला. "मी दचकलो होतो."
इरूने गोंडा गालाला लावला.
"मीपण दचकते," ती म्हणाली. "कुकर वाजला की."
आणि इरू हसली. खुदकन.

गोंडा मिळाला, इरू हसली.
इरू हसली, आई बोलली. एकच शब्द बोलली. "अहो."
"काय गं?"
"गोंडा सापडला. मी नव्हता तोडला."
"आणि कुजलापण नव्हता," बाबा म्हणाले.
आई बोलली, बाबा उठले.
बाबा उठले, चादर सरकली. एक बाजू बाबांनी धरली, एक बाजू आईने. झटकली, फटाक. मुटकू दचकला. टुण्ण. पण या वेळी इरूने त्याला ओंजळीत झेललं.
चादर सरकली, ऊन आलं.
ऊन आलं, टोपी वाळायला लागली. टप टप टप. टप टप. टप.
मग एकही टप नाही.
टोपी वाळली.

बाबांनी टोपी डोक्यावर घातली. घातली कसली, नुसती ठेवली. टोपी आटली होती. नारळावर वाटी ठेवावी, तशी दिसत होती.
बाबांनी आईकडे पाहिलं.
आईने बाबांकडे पाहिलं.
मुटकूने डोळे घट्ट मिटले. आता परत सगळं पहिल्यापासून?
आई म्हणाली, "पाणी जरा कढतच होतं."
बाबा म्हणाले, "टोपी जरा मळकीच होती."
मुटकूने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.
"आता ही कुणाच्या उपयोगाची?" आईने विचारलं.
इरूने ओंजळ पुढे केली. ओंजळीत मुटकू.

बाबांनी टोपी खुर्चीखाली ठेवली, अगदी कोपऱ्यात.
आई म्हणाली, "राहू दे तिथे. पण अधूनमधून धुणार हं."
"गार पाण्यात," बाबा म्हणाले.
"गार पाण्यात," आई म्हणाली.
"आणि मी आत नसताना," मुटकू म्हणाला.

मुटकू टोपीत शिरला. नाक हलवलं. तेलाचा वास नाही. बाबांचा वास नाही. हीच का माझी टोपी?
मग तो आणखी आत गेला. अगदी तळाशी गेला. तिथे ऊन होतं. चादर सरकल्यावर दोरीवर बसून टोपीत शिरलेलं ऊन. पोटाला लागलं, पायांना लागलं, शेपटीच्या टोकापर्यंत गेलं.
वास गेला होता. ऊब होती.

खुर्चीजवळ इरूने चटई ओढली. आडवी झाली. गोंडा धरलेला हात टोपीकडे नेला. गोंडा एक, झोपणारे दोन. एका बाजूला इरूचा गाल, दुसऱ्या बाजूला मुटकूचं डोकं.

आई हळूच म्हणाली, "स्वच्छ."
बाबा हळूच म्हणाले, "उबदार."
मुटकू काहीच म्हणाला नाही.
मुटकू झोपला होता.

गोष्ट भिजली, गोष्ट वाळली,
घडी घालून उशाशी ठेवली.