कळकलेल्या ताकाचा शाप

एका राज्यात, त्याचं नाव विचारू नका, सांगितलं तर लगेच शोधायला निघाल, मेघवर्मा नावाचा राजा होता. राजा वाईट नव्हता, पण त्याला चकाकीचं भारी वेड. वाड्यात आलेल्या पाहुण्याला जे द्यायचं ते झळाळत्या धातूच्या भांड्यातच द्यायचं, हा त्याचा हुकूम. मातीचं मडकं दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

त्या वाड्याचं भांडेघर भिवरा नावाची बाई सांभाळायची. तीच राजकन्या कनकावतीची दाई. राणी बाळंतपणात गेली, तेव्हापासून आठ वर्षं त्या पोरीला भिवरेनेच वाढवलेलं.

एके दिवशी जोगी धूम्रनाथ आला. त्याने शब्द उच्चारला की तो खरा व्हायचा, असा तो सिद्ध पुरुष. राजाने ताक मागवलं. ताक सकाळपासून पितळेच्या चरवीत होतं. चरवी बाहेरून आरशासारखी लखलखीत; पण कल्हईवाला दोन महिने फिरकला नव्हता आणि आतली कथलाची कल्हई उडाली होती. ताक ओतताना भिवरेला तळाशी पिवळं पितळ दिसलं. आंबट ताक उघड्या पितळेत कळकतं, विषारी होतं, हे तिला कळत नव्हतं थोडंच! ती सांगायला तोंड उघडते तोच राजा म्हणाला, "भिवरे, लवकर! पाहुणे ताटकळताहेत."

आणि बाई गप्प बसली. काय म्हणावं आता!

जोग्याने घोट घेतला अन् थुंकला. "राजा, हे विष! जे मला पाजलंस ते तुझ्याच घरात भिनो. आणि हा दोष माहीत असून जे गप्प राहिले, ते तोंड उघडेपर्यंत या वाड्याच्या एकाही भांड्यात अन्न टिकणार नाही, आणि हे विषही उतरणार नाही!"

शब्द सुटला. तोवर शेजारी बसलेल्या कनकावतीने त्याच ताकाचा आपला पेला रिकामा केला होता. तिच्या पायाची बोटं हिरवी झाली, कळकलेल्या पितळेवर गंज चढतो तशी हिरवी. जोग्याने पोरीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"मी हिला पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "शाप मागे घेता येत नाही. वाट सांगता येते. तीन दिवसांत हा रंग गळ्याशी पोचेल. पहिल्या दिवशी आंबटतळ्याचं पाणी आणा, त्याने पाय धुवा. दुसऱ्या दिवशी श्वासफळ खाऊ घाला. तिसऱ्या दिवशी जिवंत झऱ्याचं पाणी पाजा. पण ज्याला जे भांडं मानवेल त्यातूनच आणा. भांडं चुकलं तर औषधाचंच विष होईल."

राजाने तलवार उपसली. "जो माहीत असून गप्प राहिला, तो सापडू दे. त्याचं मस्तक उडवीन!"

भिवरेने तलवारीकडे पाहिलं. आता बोलावं? बोलली तर मस्तक जाईल, मग भांडं कोण निवडणार? इथे तर सगळे चकाकीचे भक्त. ती एवढंच म्हणाली, "महाराज, मी जाते."

राजाने चांदीचा हंडा पुढे केला. भिवरेने तो बाजूला सारला. वाड्याचं भांडं आता नासलेलंच. तिने आपल्या घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी काखोटीला मारली आणि निघाली. खिडकीतली साळुंखी तिच्या खांद्यावर येऊन बसली. साळुंखी बोलायची, त्या राज्यात बऱ्याचशा बोलायच्या.

आंबटतळ्याच्या काठी मागे कुणी टाकलेले हंडे पडले होते, आंबट पाण्याने तळाला भोकं पडलेले. बरणीवर मात्र त्या पाण्याचा ओरखडाही उठला नाही. संध्याकाळी पाय धुतले, तसा रंग गुडघ्याशी थबकला. राजाने विचारलं, "बरी होईल ना?" भिवरा म्हणाली, "उद्या श्वासफळ आणते, महाराज."

सकाळी रंग पुन्हा चढू लागला.

श्वासफळाच्या झाडाला दोनच फळं होती, कोमट, हळूहळू फुगणारी न् बसणारी. डबीत कोंडली तर गुदमरून मरणार. भिवरेने केळीचं पान तोडलं, फळं गुंडाळली आणि धावत सुटली. घाई झाली होती. आणि जे ती लहानपणापासून करत आली होती तेच नेमकं विसरली! केळीचं पान आधी विस्तवावरून फिरवून मऊ करायचं असतं. न शेकलेलं पान वाटेत टरकन फाटलं, एक फळ जमिनीवर पडलं आणि राख झालं.

"अगं बाई गं!" भिवरा रस्त्यातच खाली बसली.

"रडायचं ते नंतर रड," साळुंखी म्हणाली. "एक राहिलंय."

भिवरेने गुराख्याच्या शेकोटीवरून दुसरं पान फिरवलं, त्यात फळ सैल बांधलं आणि चालू लागली. दर दहा पावलांनी कान लावून बघायची, श्वास चालू आहे ना. चालू होता. कनकावतीने फळ खाल्लं, रंग छातीखाली थांबला. पण पोर आता डोळे उघडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी जिवंत झरा सापडेपर्यंत दुपार कलली. भिवरेने बरणीत थेंब घेतला. गार मातीत तो पांढरा पडून मेला. सोबत आणलेल्या गाडग्यात घेतला, मेला. तिथल्याच उन्हात तापलेल्या दगडाच्या खळग्यात घेतला, तोही मेला. गार झालं तरी मरणारं, तापलं तरी मरणारं पाणी न्यायचं कशात?

"सूर्य बघ कुठे गेला! साळुंखे, काहीतरी सांग गं!"

"मला भांडी कुठली?" साळुंखी म्हणाली. "मी पिलांना चोचीतून भरवते."

भिवरेने तिच्या चोचीकडे पाहिलं. मग वाकली, तोंडाच्या कोमट उबेत पाणी भरून घेतलं, ओठ मिटले आणि निघाली.

कठीण काम हो! ठेच लागली तर ओरडायचं नाही, धाप लागली तर तोंड उघडायचं नाही, आवंढा तर गिळायचाच नाही. वेशीवर कुणी हाक मारली, तिने वळूनही पाहिलं नाही.

वाड्याच्या दारात राजा नागवी तलवार घेऊन उभा होता. तीन दिवस त्याला झोप नव्हती आणि चरवीचा तळ उघडा पडल्याचं आता त्याच्या कानावर आलं होतं.

"भिवरे! ती चरवी तू भरलीस. तळ उघडा पडलेला तुला दिसला होता की नाही? बोल!"

भिवरेने आत बोट दाखवलं.

"बोल म्हणतो ना!" तलवारीचं टोक तिच्या गळ्याला टेकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ओठ मिटलेलेच.

"राजा," साळुंखी म्हणाली, "पोरीचं औषध तिच्या तोंडात आहे."

तलवार खाली आली. भिवरा धावत आत गेली. हिरवा रंग गळ्याला भिडला होता. तिने कनकावतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओठाला ओठ लावून थेंब थेंब पाणी पाजलं. शेवटचा थेंब गेला, तशी मान फिरवून म्हणाली, "हो महाराज! मला दिसलं होतं. मी घाबरले आणि गप्प राहिले. आता खुशाल मस्तक घ्या."

राजाने तलवार उचलली नाही. रंग तसाच होता.

"तू तोंड उघडलं होतंस," तो हळूच म्हणाला. "मी पाहिलं होतं. भांड्यात काहीतरी खोट आहे हे मला कळलं होतं. पण चरवी सुंदर दिसत होती, म्हणून मी घाई केली. मीही गप्पच राहिलो."

त्याबरोबर भांडेघरातली भांडी एकदम खणखणली. हिरवा रंग गळ्यावरून, छातीवरून, गुडघ्यांवरून उतरला आणि बोटांतून निघून गेला. कनकावतीने डोळे उघडले.

"दाई, तहान लागली."

भिवरा रडत रडत हसली. राजा स्वतः उठला, तिच्या घरून मातीचं गाडगं आणवलं, त्यात ताजं ताक ओतलं आणि लेकीपुढे धरलं.

पुढे त्या राज्यात कल्हईवाल्याला दरबारात पहिलं आसन मिळालं. आणि पाहुणा कितीही मोठा असो, कितीही ताटकळो, भिवरा "थांबा" म्हणाली की राजा थांबायचा. ती भांड्यात डोकावून मान हलवायची आणि मगच ताक ओतलं जायचं.