तरीवरचे करंज

ही फार जुनी गोष्ट. समुद्र तेव्हाही खारट होता आणि माणसं तेव्हाही हट्टी होती.

एका खाडीच्या मुखाशी मीठ पिकवणाऱ्या लोकांचं एक गाव होतं. तिथं धाकू नावाचा माणूस राहायचा. अंगानं काटक, बोलायला कमी. एकदा मनात घेतलं की मग ब्रह्मदेव आला तरी मागं हटायचा नाही.

गावाच्या टोकाला तर होती. तर म्हणजे नाव लागायची जागा. बाजार, वैद्य, सोयरेधायरे सगळं पलीकडच्या तीरावर. पण भरती चढल्याशिवाय नाव हलायची नाही. ओहोटी असली की माणसं तिथल्या उजाड, खारवट टेकाडावर उन्हात बसून राहायची. आडोशाला एक झुडूप म्हणून नव्हतं.

एका चैत्रात धाकूची बायको येसू तापानं फणफणली. धाकू तिला पाठीवर घेऊन तरीवर आला, तर पाणी उतरलेलं. त्यानं आपलं उपरणं दोन्ही हातांनी तिच्यावर धरलं. हात भरून आले, तरी खाली घेतले नाहीत.

येसू क्षीण आवाजात म्हणाली, "अहो, इथं एखादं झाड असतं तर किती बरं झालं असतं."

भरती आली, नावही आली. पण तोवर येसू राहिली नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर धाकू तरीवर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "इथं मी सावली उभी करीन. आणि तीही साध्यासुध्या झाडाची नाही. येसूच्या नावानं आंबा लावीन, आंबा!"

त्यानं डोंगरावरून आंब्याचं रोप आणलं. रोज कावडीनं विहिरीचं गोडं पाणी घातलं. पावसाळाभर रोप तरारलं. पाऊस सरला, जमिनीतलं मीठ वर आलं, आणि पानांच्या कडा जळत जळत रोप उभ्या उभ्या वाळलं.

पुढच्या वर्षी धाकूनं पुरुषभर खड्डा खणला. पाट्यांवर पाट्या लाल माती आणून भरली. आंबा कमरेएवढा झाला. मग त्याची मुळं लाल माती ओलांडून खाऱ्या मातीत शिरली, आणि तोही गेला. त्यानंतर फणस लावला. त्याचं कुंपण मोडून शेळ्यांनी एका दुपारी तो फस्त केला.

गावातली माणसं म्हणू लागली, "मिठात कधी झाड रुजलंय का? येसू गेली आणि धाकूचं डोकंही गेलं."

त्याची लेक सोनी पाणी भरता भरता म्हणाली, "बाबा, तुमच्या खांद्याला घट्टे पडलेत. पुरे करा आता."

"खांदा आहे तोवर कावड आहे," धाकू म्हणाला.

एकदा तो तरीवर बसला असताना उतरत्या पाण्याबरोबर एक चपटी, लाकडासारखी टणक शेंग वाहत आली आणि त्याच्या पायाशी लागली. दिसायला थेट दिवाळीतल्या करंजीसारखी.

"करंजाची शेंग!" धाकूनं तोंड वाकडं केलं. "नाव करंजीचं आणि चव जहर." त्यानं ती पायानं पाण्यात लोटली.

थोड्या वेळानं दुसरी आली. मग तिसरी. वैतागून धाकू उठला. एवढ्या शेंगा येतात तरी कुठून, म्हणून खाडीच्या काठाकाठानं वर चालू लागला.

वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. काठावरची माती भाजलेल्या खापरासारखी तापली होती. चालता चालता त्याच्या अंगाला एकदम गारवा लागला. तो मटकन खाली बसला, घाम पुसला आणि मग वर पाहिलं. त्याच्या डोक्यावर एक जुनाट करंज पसरला होता. कोवळ्या पानांवर तेल चोपडल्यासारखी चकाकी. खाली फिकट जांभळ्या फुलांचा सडा. काठ ढासळून त्याची निम्मी मुळं उघडी पडली होती आणि खाडीचं खारं पाणी त्यांना येऊन भिडत होतं. तरीही झाड हिरवंगार!

"कुणाला शोधतोस?" झाडानं विचारलं.

"शोधत तुलाच आलो," धाकू फटकन बोलला. "पण मला तू नको आहेस."

"नको असलेल्याच्याच सावलीत बसलायस की!"

धाकू ओशाळला, पण हटला नाही. "तुझं पान कडू, बी कडू, तेल कडू. माझ्या येसूच्या नावानं मी कडू झाड लावू?"

"त्या शेळ्या बघ," करंज म्हणाला. बुंध्याला टेकून चार शेळ्या निवांत रवंथ करत होत्या. "माझ्या सावलीला येतात, माझ्या पानाला तोंड लावत नाहीत. गोड असतो तर कोवळेपणीच संपलो असतो."

"आणि हे खारं पाणी?"

"मलाही ते गोड लागत नाही, बाबा. पण मी त्याच्यावर रुसून बसलो नाही. मुळं खोल खोल नेली."

धाकूनं त्या उघड्या मुळांवरून हात फिरवला.

करंज हळूच म्हणाला, "एक विचारू? तुझ्या बायकोनं काय मागितलं होतं? आंबा, की सावली?"

आंब्याला घातलेलं पाणी, आणलेली माती, सारं धाकूच्या डोळ्यांपुढून गेलं. आंबा येसूनं मागितलाच नव्हता. तो हट्ट त्याचा त्यानंच धरला होता.

त्यानं उपरणं जमिनीवर पसरलं आणि शेंगा वेचायला लागला.

"एवढं ध्यानात ठेव," करंज म्हणाला. "मी आधी खाली वाढतो, मग वर. धीर धर. आणि फाल्गुनाच्या सुमाराला माझी पानं झडतील, तेव्हा रडत बसू नकोस."

पावसाच्या तोंडावर धाकूनं टेकाडभर बिया पेरल्या. लोक हसले. "अरे, करंजाला फळ तरी काय धरणार?"

"सावली धरेल," धाकू म्हणाला.

रोपं वर आली आणि श्रावणातल्या उधाणानं बहुतेक सगळी उपटून नेली. धाकूनं उरलेल्यांभोवती दगड रचले आणि मोकळ्या जागेत पुन्हा पेरलं. पुढल्या उधाणात कमी गेली. त्याच्या पुढल्या उधाणात एखाददुसरंच गेलं. शेळ्या येत, हुंगत आणि नाक मुरडून निघून जात.

रोपं डोक्याएवढी झाली, त्या फाल्गुनात त्यांची पानं झडली. गावातली दोघं-तिघं कोयते घेऊन आली. "मेलं सगळं, धाकू. होळीला तरी लाकडं होतील."

धाकू झाडांपुढं जाऊन उभा राहिला. "पाडवा होऊ द्या. तोवर कुणी हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर आधी मला तोडा."

त्याच्या डोळ्यांकडे पाहून माणसं मागं फिरली. आणि पाडव्याच्या आधीच फांदीफांदीवर तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली.

त्यानंतर कुणी हसलं नाही. सोनीही बापाबरोबर दगड रचायला येऊ लागली, आणि तिच्यामागून बाकीचे.

वर्षं गेली. करंजांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या, टेकाडावर गार, दाट छप्पर झालं. खाली गवत आलं. मुळांनी माती अशी आवळून धरली की उधाण टेकाडाला धडका देऊन रिकाम्या हातानं परत जाऊ लागलं. मिठागरात भेगाळलेल्या पायांना बायका त्याच कडू बियांचं तेल चोळू लागल्या.

आता भरतीची वाट बघणं गावाला जड जाईना. त्या सावलीत कुणी जाळी विणी, कुणी सोयरीक जमवी, कुणी नुसतंच आडवं होई. धाकूचे केस पांढरे झाले होते. तोही त्यांच्यातच बसलेला असे.

भरती चढायची, नाव लागायची आणि नावाडी ओरडायचा, "चला, उठा! पाणी आलं!" पण त्या गारव्यातून माणसं काही लवकर उठायची नाहीत, आणि हाका मारमारून नावाड्याचा घसा कोरडा पडायचा.

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, हट्ट धरावा तो कामाचा. आपल्या आवडीचा नव्हे.