भागायची भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माडकोटाच्या बुरुजांवर तेव्हा तोफा होत्या आणि कोटाच्या आडोशाला आरमाराची गलबतं नांगरलेली असायची. ज्याला ही गोष्ट खोटी वाटते, त्यानं ओहोटीला त्या भिंतीवरून अनवाणी चालून दाखवावं, मग बोलावं.

शत्रूच्या जहाजांचे तळ फुटावेत म्हणून बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली भिंत घालायची होती. पण खाऱ्या पाण्यात चुना धरेना. दर पावसाळ्यात भिंत वाहून जाई. किल्लेदार अगदी टेकीला आला. तेव्हा खाडीतल्या खडकांना चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढून पोट भरणारी भागाय त्याच्यासमोर उभी राहिली.

"नुसते धोंडे टाका," ती म्हणाली. "कालवां तेंका धरून ठेवतली. पण कोणी तेंका हात लावूक नको."

असं म्हणतात, की तिनं हाक मारली आणि खाडीतली सगळी कालवं रांगेनं चालत आली. कालवांना पाय नसतात हे आम्हालाही ठाऊक आहे. पण भिंत धरली, एवढं खरं. गावानं शपथ घेतली आणि राखण भागायकडे आली. जाळ्यात मासळी पडली नाही त्या वर्षीही तिनं भल्याभल्यांना तिथून पिटाळलं.

मग तिची सून शेवंती गरोदर राहिली. तिला अन्न जाईना. हातापायांच्या काड्या झाल्या.

"आये, माका भिंतीवरची कालवां होयी."

"गे बाय, ता सोडून काय्येक माग."

"दुसरा गळ्याखाली उतरणाच नाय."

शपथ मोडणं पाप आणि डोहाळे अपुरे ठेवणं तेही पाप. शेवटी एका ओहोटीला भागाय पदराखाली कोयती लपवून गेली आणि भिंतीच्या मधोमध टोपलीभर कालवं काढून आली. शेवंती पोटभर जेवली.

पण कालवं सुटली तसे धोंडेही सुटले. भरतीनं तिथं खिंडार पाडलं, आणि त्याच आठवड्यात शत्रूची जहाजं दिसू लागली. आपली गलबतं दुरुस्तीसाठी काठावर ओढलेली होती.

"कालवं कोणी काढली?" किल्लेदारानं भागायच्या दारात येऊन विचारलं.

भागायनं कोयती त्याच्या पुढ्यात टाकली. "मी. सुनेक भूक होती."

मग तिनं दारात उभ्या असलेल्या शेवंतीला सांगितलं, "आत जा गे, मी येतंय." ती पाण्यात उतरली आणि खिंडारात जाऊन बसली.

असं म्हणतात, की कालवं तिच्या पावलांपासून चढत गेली, गुडघ्यांवर, खांद्यांवर, केसांवर. शत्रूचं पहिलं जहाज खिंडार हेरून आत शिरलं आणि तिथंच फुटलं. बाकीची आल्या वाटेनं परत गेली.

आता तोफा नाहीत, गलबतं नाहीत. भिंत आहे. माडकोटात डोहाळजेवण असलं की सासू सुनेला पोटभर कालवं खाऊ घालते. रिकामे शिंपले टोपलीत भरून ती ओहोटीला भिंतीवर नेते, कारण शिंपल्यांवरच नवी कालवं धरतात. भागायच्या जागी टोपली रिकामी करून ती म्हणते, "आये, सुनेन खाल्ल्यान."

तोवर सून दारात उभी असते. कोणी कितीही सांगितलं तरी, सासू परत येताना दिसल्याशिवाय ती आत जात नाही.