खडी कुठं उतरवायची?

शारदा कॉलनीच्या तोंडाशी अवजड वाहनांना बंदी असल्याची पाटी होती, तरी खडीचे डंपर दिवसभर तिथूनच जात. त्यांच्या चाकांखाली पाण्याची पाइपलाइन महिन्यात तिसऱ्यांदा फुटली, तेव्हा पोस्टातून निवृत्त झालेल्या विमलताई ढवळे वाहतूक शाखेकडे अर्ज करकरून वैतागल्या आणि भर दुपारी एका डंपरसमोर उभ्या राहिल्या. साहेब आल्याशिवाय त्या हलायला तयार नव्हत्या.

वाहतूक शाखेचे दिघेसाहेब तासाभराने आले आणि जीपमध्ये बसूनच बोलले. "बाई, नुसते अर्ज करता, नियम कधी वाचलाय का? ज्या गाडीचा माल याच कॉलनीत उतरायचा आहे, तिला बंदी नाही." मग त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "खडी कुठं उतरवायची?"

"इथंच साहेब, कॉलनीत," ड्रायव्हर सवयीनं म्हणाला.

"ऐकलंत? आता बाजूला व्हा."

विमलताई बाजूला झाल्या आणि त्यांनी आपल्या अंगणाचं फाटक सताड उघडलं. "माल इथलाच आहे ना साहेब, मग तुमच्यासमोर इथंच उतरवू दे. पोहोच मी सही करून देते."

ड्रायव्हर गडबडला. "अहो, ही नदीपलीकडच्या पुलाच्या कामाची खडी आहे. मालक मला कामावरून काढेल."

सगळी कॉलनी साहेबांकडे बघत होती. साहेब जीपमधून उतरले आणि त्यांनी मुकाट्यानं दंडाची पावती फाडली. अरुंद रस्त्यावरून डंपर मागं मागं घेत बाहेर काढायला ड्रायव्हरला अर्धा तास लागला. त्यानंतरचे डंपर बाहेरच्या रस्त्यानं जाऊ लागले.