पिराजी आणि संघाचं जोडमशीन

एका गावात एक भोळा नोकर होता. गाव उंबरगणी, नोकर पिराजी. गावात भोळे आणखीही होते, पण ते दूध संघाचे सभासद होते आणि पिराजी संघाच्या नोकरीत होता, एवढाच फरक. तीही नोकरी तात्पुरती. त्याचं लग्न झालं तेव्हा तात्पुरती होती, पोरगी शाळेत जाऊ लागली तेव्हा तात्पुरती होती, आणि आता पोरीला स्थळं येऊ लागली तरी तात्पुरतीच होती. पाहुणे पोहे खाऊन विचारत, "वडील कायम आहेत का?" मग पिराजीची बायको हौसा बशा उचलून आत जाई.

पिराजी कामाला वाघ. सांगितलेलं काम तो करायचाच. अडचण अशी, की त्याच्या डोक्यात एका वेळी एकच धडा मावायचा. नवा आला की जुना उठून त्याला जागा करून द्यायचा.

संघात कॉम्प्युटर आला होता. कुणी किती दूध घातलं, फॅट किती लागलं, सगळं त्या मशीनच्या पोटात. पूर्वी हाताने लिहीत, तेव्हा संचालकांच्या म्हशींना साऱ्या गावात जास्त फॅट लागे. मशीन आलं आणि त्या म्हशींना काय झालं कोण जाणे, गुरांच्या डॉक्टरलाही उमगलं नाही. सभासदांना मात्र उमगलं. त्यांनी ठराव केला, की मशीनमध्ये नोंद झाल्याशिवाय थेंबभर दूध घ्यायचं नाही. ठराव चांगला होता. फक्त मशीन बंद पडलं की दूध बाहेर उन्हात उभं राही, आणि ऊन काही ठराव वाचत नाही.

म्हणून संघाने दुसरं मशीन घेतलं. ते बसवायला पुण्याहून वैद्य मॅडम आल्या. त्यांनी पिराजीला समोर उभं करून सांगितलं, "हे पहिलं, हे दुसरं. पहिल्यात जे नोंदलं जाईल ते आपोआप दुसऱ्यात उतरेल. पहिलं बंद पडलं, तर दुसरं काम उचलेल. कळलं?"

"बसलं डोक्यात. पहिलं बंद पडलं, तर दुसरं."

संघाचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले, "पिराज्या, दोन्ही मशिनं तुझ्या हवाली. ही चालू ठेव, मी तुला कायम करतो."

मॅडम गेल्या. पिराजीने पाहिलं, तर पहिलं बंद पडलेलं नसताना दुसरं उगाच चालू होतं. त्याने ते बंद केलं, पुसलं, खोक्यात भरलं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं.

पुढे पहिलं बंद पडलं. पिराजीने शांतपणे कपाट उघडलं, दुसऱ्याला हळदकुंकू लावलं आणि सुरू केलं. पण कपाटात गेल्यापासून जगात काय झालं, हे त्या बिचाऱ्या मशीनला ठाऊक नव्हतं, म्हणून नोंद होईना. मॅडम येईपर्यंत दूध नासलं. त्या दिवशी उंबरगणीची मांजरंसुद्धा संघावरून तोंड फिरवून गेली.

मॅडम म्हणाल्या, "अहो, दुसरं कायम चालूच ठेवायचं असतं. आणि बिघडायची वाट कशाला बघता? काही दुरुस्ती करायची तर आधी सोयीचा वार ठरवायचा, फलक लावून सगळ्यांना कळवायचं, आणि मगच बंद करायचं."

"बसलं डोक्यात. आधी फलक, मग बंद."

थोड्या दिवसांनी पहिल्या मशीनच्या पाठीमागून धूर येऊ लागला. पिराजीने खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात फलक लिहिला. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मशीनमधून धूर येत असल्याने येत्या रविवारी, दूध आटोपल्यावर, ते बंद करण्यात येईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' मग धुराला बाहेर जायला बरं पडावं म्हणून त्याने खिडकी उघडली आणि स्टूल ओढून बसला.

आबासाहेब धावत आले. "आरं पिराज्या, मशीन जळतंय!"

"व्हय आबासाहेब."

"मग बंद कर की!"

"करतो की. रविवारी."

आबासाहेबांनीच खटका पाडला. दुसऱ्याने काम उचललं म्हणून दुधाचं निभावलं. पहिल्याचा कोळसा झाला होता, त्याच्या जागी नवं आणावं लागलं. ते बसवताना मॅडमनी कपाळाला हात लावला. "धूर दिसला की फलक नाही, विचार नाही, विचारणं नाही. सरळ खटका खाली."

"बसलं डोक्यात. धूर, की खटका."

मग खंडेनवमी आली. गावात नांगराची, तराजूची, न्हाव्याच्या वस्तऱ्याची पूजा झाली, तशी संघात मशीनची झाली. झेंडूच्या माळा घातल्या. बाहेर दुधाची रांग, आत टाळ-घंटा. आबासाहेबांनी धुपाटण्यात ऊद घातला आणि पहिलं मशीन ओवाळून ते दुसऱ्याकडे वळले. पिराजीने पहिल्याभोवती धूर पाहिला. खटका खाली. दुसऱ्याभोवती पाहिला. तोही खाली. आरती निम्म्यात थांबली.

"आरं, ऊद हाय तो!"

"असंल. धूर कशाचा ते बघ, असं मॅडम बोलल्या न्हाईत."

मशिनं पुन्हा सुरू झाली, पण अशी अचानक मान मुरगळल्यामुळे पहिल्यातल्या काही नोंदी दुसऱ्यात उतरल्याच नव्हत्या. ते जुळवताना मॅडमचा आवाज चढला. "ही जोडी आहे, पिराजी. पहिल्यात जे पडलं ते दुसऱ्यात पडलंच पाहिजे. तसंच्या तसं, लगेच. दोघांत काडीचा फरक नको."

"बसलं डोक्यात. काडीचा फरक नको."

एके सकाळी आबासाहेब चहा पीत पीत दुधाची रांग बघायला आत आले. कुणीतरी रामराम केला. उलट रामराम करताना कप कलंडला आणि सगळा चहा पहिल्या मशीनवर सांडला. मशीन चर्र करून गप झालं. घाबरण्यासारखं काही नव्हतं, दुसऱ्याने काम उचललं होतं. पण पिराजी बाणासारखा बाहेर पळाला, टपरीवरून कपभर चहा घेऊन आला आणि काळजीपूर्वक दुसऱ्यावर ओतला.

पिराजी म्हणाला, "काळजी नसावी. तुमचा बिनसाखरेचा हुता, म्हणून ह्योबी मुद्दाम बिनसाखरेचाच आणला."

दुसरं मशीन पत्र्यावर उन्हात वाळवल्यावर, बिनसाखरेचा म्हणूनच की काय, सुरू झालं. पहिलं दुरुस्तीला पुण्याला गेलं आणि बऱ्याच दिवसांनी मॅडमबरोबर परत आलं. पिराजी ते थेट मुख्य जागेवर जोडू लागला, तशा मॅडम ओरडल्या, "थांबा! नीट ऐका. जे बंद पडून परत आलं, त्याला लगेच मालक करायचं नाही. मधे काय झालं ते त्याला कुठे माहीत आहे? आधी त्याला सगळं कळू द्यायचं. तोवर एक अक्षर लिहू द्यायचं नाही. आणि चुकून दोघांनी एकाच जागी लिहिलं, तर त्यातलं काहीच खरं धरायचं नाही. टाकून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं."

हे लांब होतं. पिराजीने डोळे मिटून दोनदा घोकलं. "बसलं डोक्यात."

त्यानंतर आबासाहेबांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली. जाताना ते म्हणाले, "आता मीच दुरुस्तीला चाललोय. माघारी बापूसाहेब उपाध्यक्ष काम बघतील. सभेच्या दिवशी मी परत येतो. तोवर संघाचं काम बंद पडलं न्हाई, तर आल्या आल्या पहिली सही तुझ्या कायमच्या ऑर्डरवर. त्या दिवशी माझी मुदत संपत्या, म्हणजे सभेआधीच उरकायला पायजे."

हौसाला हे कळलं. तिने पाहुण्यांना निरोप धाडला, की सभेलाच या.

आणि खरंच, त्या दिवसांत संघ एकदाही बंद पडला नाही. मधे वीज कडाडून पहिलं मशीन गेलं, दुसऱ्याने काम उचललं, रांगेतल्या म्हातारीला पत्ताही लागला नाही. पहिलं दुरुस्त होऊन आलं, तेव्हा आपला धडा पक्का धरून पिराजीने त्याला आधी सगळं कळू दिलं, मगच लिहू दिलं. अध्यक्ष जागेवर नाहीत हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. बापूसाहेबांना ही गोष्ट जरा लागली, कारण पुढचे अध्यक्ष तेच होणार होते.

सभेचा दिवस उजाडला. बाहेर मांडव, कर्णा, खुर्च्या. दुसऱ्या रांगेत पाहुणे. आत ऑफिसात काळा चष्मा लावून आबासाहेब खुर्चीवर बसले, समोर टाइप केलेली ऑर्डर, दारात नवं लुगडं नेसलेली हौसा. आबासाहेबांनी पेन उघडलं.

पिराजीने झडप घालून ते काढून घेतलं.

"आरं, काय झालं?"

"आबासाहेब, तुम्ही बंद हुता. आजच परत आला. आधी सगळं कळू द्यायचं, तोवर एक अक्षर लिहायचं न्हाई."

"गाढवा, ऑर्डर तुझी हाय!"

"कुणाचीबी असंना."

हौसा म्हणाली, "अवो, पाया पडते, करू द्या की सही!"

"तू मधी बोलू नगंस, माझी तार तुटंल," असं म्हणून पिराजीने आबासाहेबांना सगळं सांगायला सुरुवात केली. कुणाची म्हैस व्याली, कुणाची आटली, कुणाच्या दुधात पाणी निघालं, आणि त्यावर कोण काय बोललं. आबासाहेब दोनदा उठले, दोनदा त्याने खांदा दाबून बसवलं. शेवटच्या कॅनपर्यंत आला तेव्हा बाहेर कर्णा वाजला आणि बापूसाहेब अध्यक्ष झाल्याचं जाहीर झालं.

"झालं. आता काडीचा फरक न्हाई," पिराजी म्हणाला आणि त्याने पेन परत दिलं. आबासाहेबांनी सवयीने सही ठोकली.

"आता हिचा काय उपेग?" ते म्हणाले. "मी अध्यक्षच न्हाई."

पण हौसा काही भोळी नव्हती. तिने कागद उचलला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि थेट मांडवात बापूसाहेबांपुढे गेली. बापूसाहेबांच्या गळ्यात नुकताच हार पडला होता, समोर माईक चालू होता आणि सगळा गाव बघत होता. अशा वेळी माणूस नाइलाजाने उदार होतो. ते माईकवर म्हणाले, "गरिबाचं काम अडवणारे आम्ही नव्हे!" आणि आबासाहेबांच्या सहीशेजारी त्यांनी झोकदार सही केली.

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. हौसाने डोळ्याला पदर लावला. बापूसाहेबांनी ऑर्डर पिराजीच्या हातात दिली.

पिराजीने ती वाचली. मग खालच्या दोन सह्या बघितल्या. पुन्हा बघितल्या. त्याचा चेहरा गंभीर झाला.

"दोघांनी एकाच जागी लिवलंय," तो म्हणाला, आणि त्याने ऑर्डर टराटरा फाडली.

हौसा खाली बसून तुकडे गोळा करू लागली. "हे काय केलंसा वो!"

"घाबरू नगंस," पिराजी समजूत घालत म्हणाला. "आता पहिल्यापासून सुरू करायचं."

बापूसाहेबांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिराजीला पहिल्यापासून तात्पुरता लावून घेतला.